क्रोक पार्कवर रग्बी चालेल का? आयर्लंडमधल्या मैदान शेअर करण्याची सगळी भानगड

सप्टेंबर २०२५ मध्ये डब्लिनच्या क्रोक पार्कवर एनएफएलची, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगची, मॅच झाली, पिट्सबर्ग स्टीलर्स विरुद्ध मिनेसोटा वायकिंग्ज. स्टेडियमला साजेसा सोहळा झाला, लोक आले, बघून गेले. पण गंमत अशी की याच मैदानावर २००५ पर्यंत आयर्लंडच्या स्वतःच्या रग्बी टीमला आणि स्वतःच्या फुटबॉल टीमला खेळायला बंदी होती. अमेरिकन फुटबॉल चालायचं (१९९६ आणि १९९७ ला पण झालं होतं), १९७२ ला मोहम्मद अली तिथे बॉक्सिंग लढून गेला, १९८५ ला यू-टूची कॉन्सर्ट झाली, पण घरचं रग्बी आणि घरचा सॉकर? नाही म्हणजे नाही.

हे असं का, आणि मग बदललं कसं, आणि बदलूनही अजून बेलफास्टमध्ये एक मैदान २०१३ पासून बंद का पडलंय, हे सगळं एकाच दोऱ्यात गुंफलेलं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना लक्षात राहील: लोक याला इतिहास आणि अस्मितेचं भांडण म्हणतात, ते आहेच, पण त्याच्याखाली मैदानाची लांबी-रुंदी आणि सरकारी पैसा या दोन अगदी कोरड्या गोष्टी आहेत आणि बऱ्याच वेळा निकाल त्यांनीच लावलाय.

आधी पात्रं. गेलिक अॅथलेटिक असोसिएशन, म्हणजे जीएए, १८८४ मध्ये टिपररीमधल्या थर्ल्स गावातल्या हेज हॉटेलमध्ये स्थापन झाली. क्रोक पार्क यांचंच. यांचे खेळ हर्लिंग (काठी-चेंडूचा) आणि गेलिक फुटबॉल (हाता-पायांनी खेळायचा), म्हणजे अस्सल आयरिश खेळ, आणि खेळाडू हौशी, पगार नाही. ज्याच्या मॅचला ८२ हजार लोक येतात तो पोरगा सोमवारी सकाळी शाळेत शिकवायला नाहीतर बँकेत कामाला जातो. प्रत्येक गावात, म्हणजे चर्चच्या हद्दीप्रमाणे, यांचा क्लब असतो आणि तो गावकऱ्यांच्या वर्गणीवर आणि फुकटच्या मेहनतीवर उभा असतो. दुसरे आयआरएफयू, रग्बीवाले, व्यावसायिक, आणि यांची टीम अख्ख्या बेटाची एकच, उत्तर-दक्षिण दोन्ही. तिसरे एफएआय, म्हणजे रिपब्लिकचे, स्वतंत्र झालेल्या दक्षिण भागाचे, सॉकरवाले. उत्तर आयर्लंडच्या (युनायटेड किंगडममध्ये राहिलेला भाग, राजधानी बेलफास्ट) सॉकरची संघटना वेगळी, आयएफए, कारण १९२१ मध्ये सॉकरवाल्यांची फाटाफूट झाली ती आजपर्यंत तशीच आहे.

जीएए जन्मालाच आली ती इंग्रजांच्या खेळांना उत्तर म्हणून, त्यामुळे रग्बी, सॉकर, क्रिकेट हे सगळे 'परकीय खेळ'. आणि नुसतं नाव ठेवून थांबले नाहीत, नियमच केला की जीएएच्या सभासदाने हे खेळ खेळायचे नाहीत आणि बघायलाही जायचं नाही. १९३८ मध्ये देशाचे राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड, जे जीएएचे आश्रयदाते होते, ते आयर्लंड-पोलंड सॉकर मॅचला गेले म्हणून त्यांचं आश्रयदातेपद काढून घेतलं. राष्ट्राध्यक्ष! देशाच्या टीमची मॅच बघायला गेला म्हणून! ही बंदी १९७१ मध्ये उठली. पण मैदानाबद्दलचा वेगळा नियम होता, ४२ नंबरचा, की जीएएच्या जागेवर जीएएचेच खेळ होतील, नाहीतर जीएएच्या हिताआड न येणारे कार्यक्रम, आणि तो राहिला.

आता क्रोक पार्क ही काही साधी जागा नाही. २१ नोव्हेंबर १९२० ला, स्वातंत्र्याच्या लढाईच्या दिवसांत, सकाळी आयरिश बंडखोरांचा पुढारी मायकल कॉलिन्स याच्या माणसांनी डब्लिनमध्ये ब्रिटिश गुप्तहेरांना मारलं आणि दुपारी डब्लिन-टिपररी मॅच चालू असताना पोलीस आणि त्यांच्या मदतीला आणलेल्या तुकड्या मैदानात घुसल्या आणि गर्दीवर गोळ्या झाडल्या. दीड-दोन मिनिटांचा प्रकार. १४ माणसं गेली, त्यात दहा-अकरा वर्षांची पोरं होती, आणि टिपररीचा खेळाडू मायकल होगन होता. आजचा होगन स्टँड त्याच्याच नावाचा. तर अशा जागी इंग्लंडची टीम येणार, इंग्लंडचं राष्ट्रगीत वाजणार, हा विचार २० वर्षांपूर्वी एखाद्या जुन्या जीएएवाल्यासमोर मांडून बघितला असता तर काय ऐकावं लागलं असतं ते तुम्हीच ठरवा.

हा झाला भावनेचा भाग. आता कोरडा भाग, जो बहुतेक लेखांत एका ओळीत उडवतात. गेलिक मैदान प्रचंड मोठं असतं, १३० ते १४५ मीटर लांब आणि ८० ते ९० मीटर रुंद. आंतरराष्ट्रीय सॉकरचं मैदान साधारण १०५ बाय ६८. रग्बीचं गोललाइन ते गोललाइन १०० मीटर आणि दोन्ही टोकांना थोडी जागा, रुंदी ७०. म्हणजे गेलिक मैदानात सॉकर आणि रग्बी आरामात बसतं (प्रेक्षक जरा लांब पडतात, एवढंच), पण सॉकर-रग्बीसाठी बांधलेल्या स्टेडियममध्ये गेलिक फुटबॉल बसतच नाही, स्टँडच आडवे येतात. त्यामुळे 'मैदान शेअर करा' हे वाक्य ऐकायला गोड असलं तरी व्यवहारात त्याचा अर्थ एकच होतो, जीएएने द्यायचं आणि बाकीच्यांनी घ्यायचं. परतफेड नाही. जीएएवाल्यांचा राग समजून घ्यायचा असेल तर हे आधी समजून घ्या. शिवाय हे तिघं एकाच गावातल्या त्याच पोरांसाठी भांडतायत, आठ-दहा वर्षांचा चपळ पोरगा कुणाच्या क्लबात जाणार यावर पुढचं सगळं ठरतं, मग स्पर्धकाला आपलंच घर सजवून का द्यायचं, असा त्यांचा सरळ सवाल.

आणि घर खरंच सजवलं होतं. १९९० च्या दशकात जीएएने क्रोक पार्क जवळजवळ नव्याने बांधायला घेतलं, एकेक स्टँड पाडून, मधे मॅचेस चालू ठेवून, आणि २००५ पर्यंत ते ८२,३०० लोकांचं स्टेडियम झालं. देश केवढा, तर रिपब्लिकची लोकसंख्या पन्नास लाखांच्या आसपास. पैसा कॉर्पोरेट बॉक्स, वर्षानुवर्षांची सीट आगाऊ विकणं, कर्ज आणि सरकारी मदत असा मिळून उभा केला. इकडे रग्बी आणि सॉकर दोन्ही खेळत होते जुन्या लॅन्सडाउन रोडवर. ते मैदान रग्बीवाल्यांचं, पहिली आंतरराष्ट्रीय मॅच तिथे १८७८ मध्ये झाली, आणि सॉकरवाले तिथे भाडेकरू. एफएआयने स्वतःचं स्टेडियम बांधायची घोषणा केली, ती बारगळली. पंतप्रधान बर्टी अहर्न यांना ॲबट्सटाउनला ८० हजारांचं राष्ट्रीय स्टेडियम हवं होतं, लोकांनी त्याला 'बर्टी बोल' म्हणून चिडवलं, तेही बारगळलं.

पण बारगळायच्या आधी त्याने एक काम केलं. एप्रिल २००१, जीएएच्या वार्षिक काँग्रेसमध्ये नियम ४२ शिथिल करायचा ठराव येणार होता. आदल्या दिवशी सरकारने जीएएला ६ कोटी आयरिश पौंड देऊ केले, आणि त्याच्या बदल्यात अपेक्षा अशी की नवीन राष्ट्रीय स्टेडियम झालं की तिथेही काही मॅचेस खेळा. झालं! ठरावाला १७६ मतं पडली, विरोधात ८९. दोन तृतीयांश लागत होती, म्हणजे १७७. एका मताने गेला. आता त्या पैशाने किती मतं फिरली हे कुणी सिद्ध करू शकत नाही, पण ज्या संस्थेला कर्जाची चिंता आहे तिच्या हातात मतदानाच्या आदल्या रात्री एवढी रक्कम ठेवली तर मैदान भाड्याने द्यायची घाई कमी होणार, हे समजायला काही अर्थशास्त्र लागत नाही.

आपल्याकडे ब्रेबॉर्नवाल्या सीसीआयचं आणि मुंबईच्या क्रिकेट असोसिएशनचं सीटांवरून बिनसलं आणि शेषराव वानखेडेंनी एक किलोमीटरच्या आत दुसरं स्टेडियम बांधून दाखवलं, तसं आयर्लंडमध्ये कुणी करू शकलं नाही, कारण तेवढा पैसा आणि तेवढे प्रेक्षक नव्हतेच. म्हणून फिरून फिरून सगळे क्रोक पार्कच्याच दाराशी.

चार वर्षांनी परिस्थिती बदलली. लॅन्सडाउन रोड पाडून नवीन बांधायचं ठरलं, म्हणजे तीन वर्षं रग्बी आणि सॉकर दोघंही बेघर. क्रोक पार्क मिळालं नाही तर आयर्लंडच्या 'होम' मॅचेस ब्रिटनमध्ये खेळायची वेळ. आता जरा विचार करा, ८२ हजारांचं रिकामं स्टेडियम डब्लिनमध्ये उभं आहे आणि आयर्लंडची टीम होम मॅच खेळायला समुद्र ओलांडून जातेय, हे चित्र जीएएला परवडणारं नव्हतं. अध्यक्ष शॉन केली यांनी विषय लावून धरला. १६ एप्रिल २००५, ठराव २२७ विरुद्ध ९७ ने पास. परवानगी फक्त क्रोक पार्कपुरती आणि लॅन्सडाउन रोडचं काम चालू असेपर्यंतच. विरोध कुणाचा होता तेही बघा: उत्तरेकडच्या बहुतेक काउंट्या, कारण त्यांच्यासाठी ब्रिटिश सैन्य हा इतिहास नव्हता, परवापरवाची गोष्ट होती, आणि दक्षिणेत कॉर्क. कॉर्क लक्षात ठेवा, पुढे येतंय.

पहिली मॅच रग्बीची, ११ फेब्रुवारी २००७ ला फ्रान्सशी, आणि ती शेवटच्या मिनिटांत हरले, २०-१७. पण सगळ्यांचे डोळे लागलेले होते २४ फेब्रुवारीकडे, इंग्लंड. आठवडाभर पेपरात तेच, राष्ट्रगीताच्या वेळी हुर्यो होणार का, कुणी पाठ फिरवणार का. केरी काउंटीच्या एका जुन्या दिग्गज गेलिक खेळाडूच्या मुलाने निषेध म्हणून वडलांची मेडल्स क्रोक पार्कच्या म्युझियममधून परत घेतली होती. बाहेर थोडी निदर्शनं झाली. आत 'गॉड सेव्ह द क्वीन' वाजलं आणि ८२ हजार लोक शांत उभे राहिले. कुणी चकार शब्द काढला नाही. संपल्यावर टाळ्या. मग आयरिश गीत सुरू झालं आणि कॅमेरा खेळाडूंवरून फिरला तेव्हा जॉन हेज, हा एवढा धिप्पाड प्रॉप (रग्बीतला पुढच्या फळीचा गडी), ढसाढसा रडत होता. मॅच ४३-१३ ने जिंकली, आणि त्यातला एक ट्राय शेन होर्गनने असा घेतला की उंच उडी मारून, हवेतल्या हवेत बॉल पकडून, खाली पडता पडता लाइनीवर टेकवला. गेलिक फुटबॉलमध्ये असाच कॅच घेतात. स्टेडियममधल्या निम्म्या लोकांना ते रग्बीपेक्षा जास्त ओळखीचं वाटलं असणार. पुढच्या महिन्यात सॉकरही आला, वेल्सशी, १-० ने जिंकले, गोल करणाऱ्याचं नाव स्टीफन आयर्लंड, हे मी बनवून सांगत नाहीये.

मे २०१० मध्ये नवीन लॅन्सडाउन रोड उघडलं, अवीवा स्टेडियम नावाने, ५१,७०० सीटं, खर्च ४१ कोटी युरो, त्यातले १९ कोटी १० लाख सरकारचे, बाकी आयआरएफयू आणि एफएआयने वाटून घ्यायचे. जागा बघितलीत तर कळेल मैदान नव्याने बांधणं म्हणजे काय डोकेदुखी असते. एका बाजूच्या स्टँडखालून लोकल ट्रेन जाते. उत्तरेकडे हॅवलॉक स्क्वेअरची बैठी घरं, त्यांच्या उन्हावर गदा येऊ नये म्हणून त्या टोकाचा स्टँड अगदी बुटका आणि पारदर्शक केलाय, त्यामुळे बाकी तीन बाजूंनी लाटेसारखं चढत जाणारं स्टेडियम तिथे एकदम खाली बसतं. टीव्हीवर मॅच बघताना गोलपोस्टमागे घरांची छपरं दिसतात ती हीच.

इथे भागीदारी झाली, म्हणजे सगळं सुरळीत? छे. एफएआयने आपला वाटा भरायला दहा वर्षांची प्रीमियम सीटं विकायला काढली, एकेक १२ हजारांपासून ३२ हजार युरोपर्यंत, आणि मुहूर्त काढला सप्टेंबर २००८ चा. लेहमन ब्रदर्स बुडाली तो महिना. सीटं खपली नाहीत, कर्ज तसंच राहिलं, वर्षानुवर्षं आकडे गुलाबी दाखवले गेले, आणि २०१९ मध्ये एफएआयचा डोलारा कोसळला. २०२० च्या सुरुवातीला सरकारने वाचवलं, त्यात स्टेडियमचा वाटा भरायला बिनव्याजी कर्ज पण होतं. म्हणजे भागीदार बरोबरीचे असले तरी त्यांचे खिसे बरोबरीचे नसतात, आणि एक भागीदार बुडायला लागला की शेवटी बिल करदात्याकडे.

उलट दिशेचंही एक प्रकरण आहे, ते लोक विसरतात. डब्लिनच्या टाला भागात शॅमरॉक रोव्हर्स या सॉकर क्लबसाठी स्टेडियम होणार होतं. हा क्लब १९८७ मध्ये आपलं मिलटाउनचं मैदान गेल्यापासून दारोदार फिरत होता. पैसे संपून अर्धवट पडलेलं बांधकाम काउंटी कौन्सिलने हातात घेतलं, आणि तेव्हा तिथल्या थॉमस डेव्हिस या जीएए क्लबने म्हटलं, सरकारी पैसा आहे ना, मग मैदान मोठं करा, आमचे सीनियर खेळ पण बसतील एवढं. सरकारने नाही म्हटलं, मैदान मोठं केलं तर सीटं कमी होतात आणि सॉकरसाठी ते निरुपयोगी होतं. प्रकरण हायकोर्टात गेलं, जीएए क्लब हरला, २००९ मध्ये स्टेडियम उघडलं, आणि त्याच उन्हाळ्यात रियाल माद्रिदकडून क्रिस्तियानो रोनाल्डोची पहिली मॅच तिथे झाली. म्हणजे जी संघटना आपली मैदानं देत नाही म्हणून बोलणी खात होती तिलाच इथे 'जागा बसत नाही' असं उत्तर मिळालं. आणि खरंच बसत नव्हती!

आता कॉर्क. तिथलं पार्क ई कीव्ह हे जीएएचं स्टेडियम २०१७ मध्ये नव्याने बांधून झालं, सरकारचे ३ कोटी युरो त्यात होते, आणि खर्च अंदाजाच्या पार पुढे गेला. फेब्रुवारी २०१८ मध्ये कॉर्कचाच सॉकरपटू लियम मिलर ३६ व्या वर्षी कॅन्सरने गेला. त्याच्या कुटुंबासाठी मँचेस्टर युनायटेड आणि सेल्टिकच्या जुन्या खेळाडूंची मॅच ठरली, तिकिटं हातोहात संपली, आणि लोक म्हणाले मोठं स्टेडियम द्या की. जीएएने नियम दाखवला. मग जो गदारोळ झाला! सरकारी पैशावर अट होती की इतर खेळांनाही जागा द्यावी, मग कायदेशीर बाजूही निघाली, आणि आठवडाभरातच जीएएला नमतं घ्यावं लागलं. २५ सप्टेंबर २०१८, ४५ हजार लोक, मॅच झाली. पुढच्या वर्षी नियमच बदलला, आता मध्यवर्ती समिती काँग्रेसची वाट न बघता इतर मैदानंही देऊ शकते. नोव्हेंबर २०२२ मध्ये याच मैदानावर मन्स्टर या दक्षिणेकडच्या प्रांताच्या टीमने रग्बीत दक्षिण आफ्रिका अ संघाला हरवलं, ४१ हजारांवर लोक होते. २००५ ला ठामपणे विरोधात असलेलं कॉर्क! माणसं बदलली असतील, पण कर्जाचे हप्तेही होतेच की.

आज दक्षिणेत हा विषय जवळपास मिटलाय. लेन्स्टर या डब्लिनच्या रग्बी टीमने मे २०२४ ला क्रोक पार्कवर सेमीफायनल खेळून ८२ हजार तिकिटं विकली आणि कुणी राष्ट्रगीताबद्दल लेख लिहिले नाहीत.

उत्तरेत मात्र वेगळाच खेळ. तिथे २००६ च्या सुमारास कल्पना निघाली की तिन्ही खेळांसाठी एकच स्टेडियम बांधू, आणि जागा कुठली, तर मेझ तुरुंगाची. जिथे १९८१ मध्ये ब्रिटिशांविरुद्ध लढणारे दहा कैदी उपोषणात मेले ती जागा. एका बाजूला भीती की हे स्मारक होऊन बसेल, दुसरीकडे सॉकरचे चाहते म्हणाले आम्हाला बेलफास्टमध्येच हवं, शहराबाहेर नको. २००९ मध्ये गुंडाळलं. मग २०११ मध्ये सोपा मार्ग काढला, शेअर करूच नका, तिघांना तीन: रग्बीच्या रेव्हनहिलला जवळपास दीड कोटी पौंड, सॉकरच्या विंडसर पार्कला अडीच कोटी, आणि जीएएच्या केसमेंट पार्कला ६ कोटींवर. पहिली दोन केव्हाच बांधून झाली.

केसमेंट पार्क, पश्चिम बेलफास्ट, १९१६ मध्ये ब्रिटिशांनी फाशी दिलेल्या आयरिश क्रांतिकारक रॉजर केसमेंटच्या नावाचं. २०१३ ला बंद झालं. ३८ हजारांचा प्लॅन शेजाऱ्यांनी कोर्टात नेला आणि डिसेंबर २०१४ मध्ये मंजुरी रद्द झाली, सुरक्षित बाहेर पडण्याच्या वाटांवरून वेगळा वाद झाला, मग ३४,५०० चा सुधारित प्लॅन, त्याची मंजुरी २०२१ मध्ये. तोवर सुरुवातीचा पावणेआठ कोटींचा अंदाज कधीच मागे पडला होता. मग अचानक नशीब उघडल्यासारखं झालं: २०२८ चा युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची सॉकर स्पर्धा, ब्रिटन आणि आयर्लंडला मिळाला आणि यादीत केसमेंटचं नाव. विचार करा, जीएएचं मैदान, त्यावर सॉकरचा युरो, आणि होम टीम उत्तर आयर्लंडची, जिच्या चाहत्यांपैकी बरेच जण कट्टर युनियनिस्ट, म्हणजे ब्रिटनबरोबरच राहू म्हणणारे. त्यांचा सवाल साधा होता की विंडसर पार्क वाढवा ना. पण युरोसाठी लागणारी सीटं विंडसरकडे नव्हती. आणि यूएफाच्या, म्हणजे युरोपच्या सॉकर संघटनेच्या, अटी आल्या म्हणजे खर्चही आला. सप्टेंबर २०२४ मध्ये ब्रिटिश सरकारने सांगून टाकलं, बिल ४० कोटी पौंडांच्या वर जाऊ शकतं आणि वेळेत होणार नाही, आम्ही पैसे देणार नाही. २०२८ चा युरो आता बेटावर फक्त डब्लिनला, अवीवावर.

जून २०२५ मध्ये लंडनने केसमेंटसाठी ५ कोटी पौंड मंजूर केले, युरोसाठी नाही, जीएएचं मैदान म्हणून. डब्लिन सरकारचे ५ कोटी युरो आहेत, बेलफास्ट सरकारचे जुने ६ कोटींवर पौंड आहेत, जीएएचे दीड कोटी आहेत, आणि बेरीज अजून पुरत नाही. तोपर्यंत अँट्रिमची, म्हणजे बेलफास्टच्या काउंटीची, टीम बेलफास्टच्या छोट्या कॉरिगन पार्कवर खेळते आणि उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांताची गेलिक फुटबॉलची फायनल बघायला बेलफास्टकरांना सीमा ओलांडून मोनाहनमधल्या क्लोन्सला जावं लागतं.